नाताळच्या सुट्टीत राग त्याच्या वेळेला ऐकताना

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्या-मुंबईकडे सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहा वाजून गेले की मावळतो. वर्षातली सर्वांत मोठी रात्र नुकतीच होऊन गेलेली असते, शाळांना नाताळची सुट्टी असते आणि नोकरदार माणसानेही शिल्लक राहिलेल्या रजा याच दिवसांत टाकलेल्या असतात. ज्याला हिंदुस्थानी रागसंगीत ऐकायचे आहे, परंतु सुरुवात कोठून करावी हे उमगलेले नाही, त्याच्यासाठी हा आठवडा वर्षातला सर्वांत सोयीचा आहे, असे माझे मत आहे. राग दिवसाच्या ठरावीक प्रहरांशी बांधलेले आहेत आणि एरवी त्या प्रहरांना आपण मोकळे नसतो. पहाटेच्या रागाच्या वेळी डबा भरायचा असतो, संधिकाळच्या रागाच्या वेळी लोकलच्या दारात उभे राहायचे असते आणि मध्यरात्रीच्या रागाच्या वेळी दुसऱ्या दिवसाच्या काळजीने झोपायचे असते. सुट्टीत हे तिन्ही प्रहर आपल्या हाती येतात.

राग त्याच्या वेळेलाच ऐकावा हा नियम काही निसर्गाने घालून दिलेला नाही. दक्षिणेतले कर्नाटक संगीत ही बंधने इतक्या काटेकोरपणे पाळत नाही, आणि यमन हा संध्याकाळचा राग सकाळी ऐकल्याने कोणाचे काही बिघडत नाही. तरीही नव्या श्रोत्याने पहिले आठ-दहा दिवस हा नियम पाळावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण रागाचे नाव, त्याचे स्वर आणि खिडकीबाहेरचा उजेड या तिन्ही गोष्टी एकदा मनात एकत्र बसल्या की पुढे राग ओळखणे पुष्कळ सोपे जाते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालत असे आणि शेवटचे गाणे उजाडताना होत असे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्या जागी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक लावता येत नाही आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवसच मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे मोकळ्या मंडपात मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेला ऐकण्याची संधी जवळजवळ संपली आहे. ती संधी आता घरीच, ध्वनिमुद्रणांच्या आधाराने आणि शेजाऱ्यांची झोप सांभाळून साधावी लागते.

पहिली पायरी: केवळ तंबोरा

पहिल्या दिवशी गाणे लावूच नये. मोबाइलवर तानपुऱ्याचे, म्हणजेच तंबोऱ्याचे, एखादे ॲप घ्यावे किंवा नुसत्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण शोधावे आणि दहा मिनिटे डोळे मिटून तेवढेच ऐकावे. चार तारांपैकी पहिली सामान्यतः पंचमात (प), मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जात (सा) आणि शेवटची जाड तार खर्जाच्या, म्हणजे खालच्या, षड्जात जुळवलेली असते. ज्या रागात पंचम वर्ज्य असतो, म्हणजे घेतच नाहीत, त्यात पहिली तार मध्यमात (म) किंवा निषादात (नी) लावतात, आणि मालकंस या रागाचा तंबोरा कानाला वेगळा लागतो तो म्हणूनच. ऐकता ऐकता षड्ज, म्हणजे ‘सा’, हलक्या आवाजात गुणगुणण्याचा प्रयत्न करावा. आपला सूर त्या झंकारात मिसळून दिसेनासा झाला की तो बरोबर लागला असे समजावे. पुढचे सगळे गाणे या एका स्वरापासून दूर जाणे आणि त्याच्याकडे परत येणे असे चाललेले असते, त्यामुळे हे घर ओळखल्याशिवाय प्रवासाला निघण्यात अर्थ नाही.

ऐकण्याच्या साधनांवर फार खर्च करू नये. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये, कारण त्यात खर्जाची तार आणि तबल्याचा डग्गा, म्हणजे डाव्या हाताचे घुमणारे वाद्य, हे दोन्ही हरवतात. साधे वायरचे हेडफोनसुद्धा त्याहून चांगले काम देतात.

दुसरी पायरी: सम सापडणे

नवा श्रोता कंटाळतो तो बहुधा विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या रागगायनात. माझेही तसेच झाले होते. पहिल्याच मैफलीत पाऊण तास ‘हे गृहस्थ पुढे का जात नाहीत’ असे मनात म्हणत बसलो होतो, तेव्हा शेजारचे एक आजोबा हळूच म्हणाले, ‘अरे, गाण्याकडे नको बघूस, आधी तबल्याकडे कान दे.’ तो सल्ला मी आजवर अनेकांना दिला आहे.

तालाचे आवर्तन ज्या मात्रेपासून, म्हणजे ठोक्यापासून, सुरू होते आणि जिथे परत येऊन मिळते ती पहिली मात्रा म्हणजे सम. बंदिशीच्या, म्हणजे रागात बांधलेल्या गीताच्या, पहिल्या ओळीचा तुकडा, म्हणजे मुखडा, पुन्हा पुन्हा याच जागेवर येऊन पडतो. सरावासाठी मध्य किंवा द्रुत (जलद) लयीतला तीनताल घ्यावा. त्याच्या सोळा मात्रा हाताच्या बोटांवर मोजता येतात. करंगळीपासून सुरू करून प्रत्येक बोटाची तीन पेरी आणि टोक असे चार मोजले की चार बोटांत सोळा पूर्ण होतात. ठेका, म्हणजे तबल्याचे ठरलेले बोल, असा आहे: धा धिन् धिन् धा, धा धिन् धिन् धा, धा तिन् तिन् ता, ता धिन् धिन् धा. नवव्या मात्रेपासून, म्हणजे तिसऱ्या बोटाशी, डग्ग्याचा घुमार नाहीसा होऊन तबला पोकळ वाजू लागतो. ती ‘खाली’, म्हणजे तालातली रिकामी जागा. खाली ऐकू आली की सम आठ मात्रांवर आहे हे कळते आणि मग गायक तिथे नेमका कसा पोहोचतो हे पाहण्याची उत्सुकता आपोआप निर्माण होते. मैफलीत एकाच क्षणी शंभर माना हलतात त्या या जागेवर.

विलंबित एकतालात बारा मात्रा असतात, पण अतिविलंबित लयीत एका आवर्तनाला पाऊण ते एक मिनिट लागू शकते. तिथे बोटे मोजण्याच्या फंदात न पडता केवळ मुखड्याची वाट पाहावी. दोन मुखड्यांच्या मधला काळ म्हणजे गायकाला मिळालेले मोकळे अंगण असते आणि प्रत्येक वेळी त्यात तो एखादा नवा स्वर आणून मांडतो. पाऊण तासात तार, म्हणजे वरच्या, षड्जापर्यंत पोहोचण्याची त्याला घाई का नाही, हे या रीतीने ऐकल्यावर कळू लागते.

तिसरी पायरी: संध्याकाळ

सुट्टीतल्या ऐकण्याचा गाभा संध्याकाळ हाच असावा. पहिल्या दोन संध्याकाळी दिवेलागणीनंतर केवळ यमन ऐकावा. यमनात मध्यम तीव्र, म्हणजे थोडा चढा, आणि बाकीचे सहा स्वर शुद्ध, म्हणजे आपल्या मूळ जागी, असतात. मराठी माणसाने तो भावगीतांत, नाट्यगीतांत आणि शाळेतल्या प्रार्थनांत नकळत इतक्या वेळा ऐकलेला असतो की तो परका वाटत नाही. एकाच कलाकाराचा यमन दोनदा ऐकण्यापेक्षा एक गायकाचा आणि एक सतार किंवा बासरीवरचा ऐकावा. शब्द नाहीसे झाल्यावरही जे उरते तो राग.

तिसऱ्या दिवशी वेळ थोडी अलीकडे आणावी. साडेपाच वाजता दिवे न लावता बसावे आणि मारवा लावावा. यात ऋषभ (रे) कोमल, म्हणजे थोडा उतरलेला, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य असतो. ऋषभ आणि धैवत (ध) यांच्यावरच्या मुक्कामामुळे षड्ज सतत हुलकावणी देत राहतो. पहिल्या दिवशी तंबोऱ्याबरोबर ‘सा’ पक्का केला होता तो इथे कामी येतो, कारण घर समोर दिसत असूनही पाऊल आत पडत नाही, अशी जी हुरहूर मारव्यात आहे ती षड्जाची ओळख असल्याशिवाय जाणवत नाही. उस्ताद अमीर खाँ यांची मारव्याची लाँग प्लेइंग ध्वनिमुद्रिका, जिच्या दुसऱ्या बाजूला दरबारी कानडा आहे, ही या रागाची माझ्या मते सर्वांत चांगली ओळख आहे. ती एका बैठकीत आणि अंधार पडेपर्यंत ऐकावी. त्यानंतरच्या एखाद्या संध्याकाळी पूरिया घ्यावा. पूरियाचे स्वर तेच आहेत, परंतु वजन गांधार (ग) आणि निषाद यांच्यावर आहे, आणि तेवढ्याने सगळी चर्या बदलते. हा फरक पहिल्या ऐकण्यात कळला नाही तरी वाईट वाटून घेऊ नये. मला तो कळायला दोन हिवाळे लागले.

थंडीचा खास राग कोणता, असे अनेकजण विचारतात. पावसाळ्याला मल्हार आणि वसंताला बसंत-बहार आहेत तशी हिवाळ्याच्या गाण्यांची भरगच्च परंपरा हिंदुस्थानी संगीतात नाही. मात्र सहा मुख्य राग आणि सहा ऋतू यांची जी जुनी सांगड सांगितली जाते, तिच्यात हेमंत ऋतूकडे श्री आणि शिशिराकडे मालकंस दिलेला आहे. मार्गशीर्ष-पौष हा हेमंत असल्यामुळे नाताळच्या सुट्टीत श्री ऐकणे परंपरेला धरूनच होईल. श्री हा सूर्यास्ताचा राग, त्यात ऋषभ आणि धैवत कोमल आणि मध्यम तीव्र असतो. त्याची प्रकृती गंभीर आणि काहीशी कठीण असल्याने तो पहिल्या आठवड्यात न आवडण्याचीच शक्यता अधिक आहे. त्याऐवजी याच स्वरांचा पूरिया धनाश्री आधी ऐकावा. पं. भीमसेन जोशी यांनी गायिलेला पूरिया धनाश्री ऐकून कान तयार झाले की मग श्रीकडे वळावे.

संधिकाळच्या रागांसंबंधी पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी सांगितलेली एक खूण नव्या श्रोत्याला फार उपयोगी पडते. कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार एकत्र आले की तो राग बहुधा उजेड-अंधाराच्या सीमेवरचा, म्हणजे संधिप्रकाशाचा असतो. अशा वेळी मध्यमाकडे लक्ष द्यावे. मध्यम शुद्ध असेल तर सीमा सकाळची, उदाहरणार्थ भैरव, आणि तीव्र असेल तर संध्याकाळची, उदाहरणार्थ ‘पूर्वी’ नावाचा राग किंवा मारवा. मध्यमाला या कामामुळे अध्वदर्शक, म्हणजे वाट दाखवणारा स्वर, असे म्हणतात. अपवाद आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांची चिंता करू नये.

परदेशात राहणाऱ्या मराठी श्रोत्यांनी घड्याळ न पाहता आकाश पाहावे. लंडनमध्ये नाताळात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा तिथे मारवा दुपारच्या चहाबरोबर ऐकावा लागेल आणि त्यात काहीही चूक नाही.

चौथी पायरी: एकाच स्वरांचे दोन राग

सुट्टीच्या मध्यावर एक प्रयोग अवश्य करावा. रात्री जेवणाआधी भूप ऐकावा, शक्यतो किशोरी आमोणकर यांचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे अंगावर घेत देशकार लावावा. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गांधार आहे, त्यामुळे त्याचा जीव सप्तकाच्या, म्हणजे सात स्वरांच्या रांगेच्या, पूर्वार्धात रमतो. देशकाराचा वादी धैवत असल्यामुळे तो उत्तरार्धात, वरच्या अंगाला उभा राहतो. भातखंडे पद्धतीत पूर्वार्धात वादी असलेले राग सामान्यतः दुपारी बारा ते मध्यरात्री बारा या काळातले आणि उत्तरार्धात वादी असलेले मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचे मानले जातात. भूप-देशकाराच्या जोडीत हा नियम इतका स्वच्छ ऐकू येतो की त्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हे जितक्या लवकर या दोन रागांनी पटते तितके कोणत्याही व्याख्येने पटत नाही.

पाचवी पायरी: मध्यरात्र आणि धुंधुरमास

दुसऱ्या दिवशी उशिरा उठण्याची मुभा असलेली एक रात्र मालकंसासाठी राखून ठेवावी. यात ऋषभ आणि पंचम नाहीत, गांधार, धैवत आणि निषाद हे तिन्ही कोमल आहेत आणि मध्यमावर सगळा भार आहे. बारा वाजून गेल्यावर, घर शांत झाल्यावर आणि खिडकी लावून घेतल्यावर तो लावावा. भीमसेनजींचा मालकंस सहज उपलब्ध आहे. आवाज कमी ठेवला तरी चालतो, कारण या रागाला मोठा आवाज लागत नाही.

पहाटेचा राग मात्र रात्रभर जागून ऐकू नये, उठून ऐकावा. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, म्हणजेच धुंधुरमास, असतो आणि या दिवसांत भल्या पहाटे स्वयंपाक करून, नैवेद्य दाखवून उगवतीच्या वेळी मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि लेकुरवाळी भाजी खाण्याची चाल आपल्याकडे अजून अनेक घरांत आहे. त्या निमित्ताने कोणी साडेपाचला उठणारच असेल तर स्वयंपाकघरात ललत लावावा. दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा आणि पंचम टाळणारा हा राग अमीर खाँ आणि भीमसेन जोशी या दोघांकडूनही ऐकण्यासारखा आहे. उजाडल्यावर भैरव आणि त्यानंतर न्याहारी झाली की तोडी. आमच्या घरी ललत संपेपर्यंत भाकरी थापणाऱ्याशी कोणी बोलायचे नाही असा नियम आहे, आणि तो भाकरी थापणाऱ्यानेच केलेला आहे.

ध्वनिमुद्रणांच्या लांबीबद्दल थोडेसे. जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872–1937) यांच्यासारख्यांनी तेवढ्यात राग मांडलेला आहे, पण तो अर्क आहे आणि नव्या माणसाला तो झेपत नाही. मैफलीचे दीड तासाचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या टोकाचे. त्यामुळे सुरुवातीला लाँग प्लेइंग रेकॉर्डच्या मापाची, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांची मुद्रणे निवडावीत आणि दिवसाला दोनपेक्षा अधिक ऐकू नयेत. एकामागून एक आपोआप लागत जाणाऱ्या याद्या बंद ठेवाव्यात, कारण त्या सकाळच्या भैरवनंतर रात्रीचा दरबारी लावायला कचरत नाहीत.

सहावी पायरी: मंडपात

घरच्या तयारीनंतर प्रत्यक्ष गाणे ऐकावेच लागते, आणि डिसेंबरात त्यासाठी पुण्यासारखे ठिकाण नाही. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी, गंगुबाई हनगल व फिरोज दस्तूर यांचे गुरू. 1952 साली त्यांचे निधन झाले आणि 1953 पासून भीमसेनजींच्या पुढाकाराने त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू झाला. 2011 साली भीमसेनजी गेल्यानंतर त्यांचेही नाव महोत्सवाला जोडले गेले. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. अनेक वर्षे तो रमणबाग शाळेच्या पटांगणावर होत असे, अलीकडे मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. पुणेकर त्याला नुसते ‘सवाई’ म्हणतात. तो बहुधा नाताळच्या आठ-पंधरा दिवस आधी येतो, तेव्हा यंदाचा हुकला असल्यास या सुट्टीतली तयारी पुढच्या वर्षासाठी आहे असे समजावे आणि मधल्या काळात आपल्या गावातल्या लहान बैठका शोधाव्यात. खरे सांगायचे तर शंभर माणसांच्या सभागृहात नवशिक्याला अधिक ऐकू येते.

सवाईला जायचे ठरल्यास पाचही दिवसांचे तिकीट पहिल्याच वर्षी घेऊ नये. एक दिवस निवडावा, त्या दिवशीच्या कलाकारांची नावे पाहून प्रत्येकाचे एखादे मुद्रण आधी ऐकावे आणि त्यातल्या दोघांसाठी मनापासून बसावे. कार्यक्रम दुपारी सुरू होतो आणि रात्री संपतो. इतका वेळ सगळ्यांनाच सारख्या एकाग्रतेने ऐकणे जुन्या कानसेनांनाही जमत नाही, म्हणून तर मंडपाबाहेर खाण्याचे आणि पुस्तकांचे स्टॉल असतात. खुर्चीपेक्षा भारतीय बैठकीचे तिकीट स्वस्त असते आणि वातावरण तिथेच अधिक असते, परंतु पाठदुखी असणाऱ्याने मोह टाळावा. दुपारी ऊन असते म्हणून स्वेटर घरी ठेवण्याची चूक करू नये. रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि मंडप बाजूने उघडा असतो. शाल, कानटोपी, खाली घालायला एखादे बसकर आणि पाण्याची बाटली एवढे पुरे.

कलाकार आल्यावर वाद्ये जुळवायला वेळ लागतो. थंडीत तारा आणि तबल्याची पुडी दोन्ही सूर बदलतात, त्यामुळे मध्येच हातोडीने तबला ठोकून घ्यावा लागतो. हा वेळ मोबाइलमध्ये न घालवता त्या कलाकाराचा षड्ज कानात भरून घ्यावा. उठायचे असल्यास एक कलाकार संपल्यावर उठावे. आलाप चालू असताना रांगेतून वाट काढत जाणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती नजर चुकवावी. दाद मनापासून निघेल तेव्हाच द्यावी, समेवर द्यावी आणि लहान शब्दांत द्यावी. राग ओळखू आला तर तो शेजाऱ्याला लगेच सांगू नये, कारण शेजाऱ्याने तो आधीच ओळखलेला असतो किंवा तोही स्वतःशी झगडत असतो.

शेवट भैरवीने

मैफलीची सांगता भैरवीने करण्याची रीत आहे आणि या एका रागाला वेळेचे बंधन लागू होत नाही. सकाळचा असूनही तो शेवटी, कोणत्याही प्रहरी गातात. सवाईत सर्वांत शेवटी खुद्द सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी ध्वनिमुद्रणावरून ऐकवली जाते. सुट्टीच्या शेवटच्या रात्री, दुसऱ्या दिवसाचा डबा आणि गजर यांची व्यवस्था लावून झाल्यावर, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी लावावी. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर जी आहे तीच. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. भैरवीनंतर दुसरे काही गात नाहीत, म्हणून ती संपल्यावर यंत्र बंद करावे आणि त्या रात्री पुन्हा काही लावू नये.